बटण नसलेला दिवा

कार्तिकात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसहापर्यंत चांगला काळोख होतो. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत बारा तासांची पाळी सुटते ती त्यानंतर. गेटमधून आधी कंपनीच्या बसगाड्या निघतात, मागून मोटारसायकलींचा लोंढा, आणि गर्दी जरा ओसरली की सायकली. बहुतेक जुन्या घाटाच्या, काळ्या, कॅरिअरवाल्या. हँडलला डब्याची पिशवी, अंगात कंपनीचा गडद निळा शर्ट. चालवणारे बहुतांशी कंत्राटी कामगार, गेटपासून तीन-चार किलोमीटरवर भाड्याच्या खोलीत राहणारे. मुख्य रस्त्यावर खांबांवर दिवे आहेत. खोल्यांकडे वळणाऱ्या फाट्यावर ते संपतात. त्या फाट्यावरून कंटेनर जातात, डंपर जातात, आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्याही. तिथे कडेला थांबून रस्त्याकडे पाहत राहिले की लक्षात येते की सायकल येताना दिसत नाही. ती दिसते तेव्हा शेजारी आलेली असते. दिवा लावलेली सायकल शोधावी लागते आणि मागे लाल दिवा असलेली तर फारच क्वचित सापडते.

इचलकरंजीत यंत्रमागाची पाळी बदलताना हेच चित्र दिसते. पुण्याच्या पेठांमध्ये पहाटे पेपर टाकणाऱ्यांच्या सायकलींचेही तेच. त्याच पहाटे त्याच शहरातून सिंहगडाकडे किंवा लवळ्याकडे निघालेल्या हौशी सायकलस्वारांचे गट मात्र दोन चौक अलीकडून ओळखू येतात. पुढे पांढरा झोत, मागे लुकलुकणारा लाल ठिपका, अंगावर चमकत्या पट्ट्यांचे जॅकेट. रात्रभर चालणाऱ्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे दोनशेपासून सहाशे किलोमीटर आणि त्यापुढच्या ठरीव वेळेतल्या सायकलप्रवासात, पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जॅकेट ही अटच असते. ज्याला रात्री सायकल चालवायची हौस आहे त्याच्याकडे दिवा आहे. ज्याला पोटासाठी रोज रात्री चालवावी लागते त्याच्याकडे नाही. २०११च्या जनगणनेनुसार शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी अडीच कोटींहून अधिक माणसे कामावर सायकलने जात होती, म्हणजे साधारण आठातले एक. प्रश्न या माणसांचा आहे.

संपादकांनी या अंकासाठी ‘उजेड’ हा विषय दिला, तेव्हा सायकलीचा दिवा निवडायचा कसा याचा शोध घ्यावा असे ठरले. दुकानात हा प्रश्न विचारला की उत्तर ल्युमेनमध्ये मिळते: हा तीनशेचा, हा आठशेचा, हा हजाराचा. या लेखाचे म्हणणे असे की उजेड किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की दमून निघालेल्या माणसाच्या सायकलीवर आज संध्याकाळी तो दिवा असेल का आणि पेटलेला असेल का. मडगार्ड, चेन, ब्रेक जसे सायकलीबरोबर येतात तसा दिवा आला पाहिजे. तो वेगळा विकत घ्यायचा, चार्ज करायचा, लावायचा, काढायचा आणि आठवणीने पेटवायचा असा जिन्नस राहिला, तर कितीही उत्तम बनला तरी गरजेच्या माणसापर्यंत पोचणार नाही.

ड्रायव्हरच्या काचेतून

आधी हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. समोर काही आहे हे उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर मागे पडतात. कोरड्या डांबरावर ब्रेक चांगले लागले तरी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे एकूण पन्नास मीटरच्या आसपास. वेग ताशी ८० असेल तर हे अंतर ७५ मीटरच्या घरात जाते, आणि भरलेला डंपर असेल तर त्याहून पुढे. आता डिपरवर असलेल्या हेडलाइटचा झोत मुद्दाम खाली आणि जवळ पाडलेला असतो, कारण समोरच्याच्या डोळ्यांत तो जाऊ नये. या झोतात गडद कपड्यातला माणूस तीस-चाळीस मीटरवर जेमतेम दिसू लागतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की जे दिसते ते भयंकर आहे. ड्रायव्हर शुद्धीत आहे, वेगमर्यादेत आहे, त्याने समोरच्याचा विचार करून डिपर मारला आहे, सगळे नियमाने चालले आहे, आणि तरीही त्याला सायकल दिसते तेव्हा थांबायला रस्ता उरलेला नसतो.

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर याहून वाईट घडते. समोरून कोणी अप्परवर येत असेल तर त्या झगझगाटात ड्रायव्हरचे डोळे काही सेकंद निकामी होतात आणि त्याच्या डाव्या बाजूची कड, जिथे सायकल असते, काळ्या पडद्याआड जाते. वय वाढते तसे डोळे सावरायला अधिक वेळ लागतो. अशा वेळी मागचा लहानसा लाल दिवा शेकडो मीटरवरून दिसतो. त्याला हेडलाइटची गरज नाही, कारण तो स्वतःचा प्रकाश घेऊन चालतो. म्हणूनच पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर तो मागचा घ्यावा. आपल्याकडे उलटे होते. दिवा म्हटला की पुढचाच डोळ्यांसमोर येतो, रस्ता दिसावा म्हणून. सवयीच्या रस्त्याचे खड्डे कामगाराला पाठ असतात. त्याच्या पाठीमागून येणाऱ्याला तो पाठ नसतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते. एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत झाले, इतर कोणत्याही तीन तासांपेक्षा जास्त. यात निव्वळ अंधाराचा वाटा किती आणि त्या वेळच्या गर्दीचा, थकव्याचा, दारूचा किती, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. पण पाळी सुटण्याची आणि अपघातांच्या शिखराची वेळ एकच आहे.

शहरात एवढे दिवे असताना सायकलीला वेगळा कशाला, असे अनेकांना वाटते. खरे तर झगमगाटात हरवणे अंधारात हरवण्याइतकेच सोपे आहे. जाहिरातींचे फलक, दुकानांच्या पाट्या, मोटारींचे मागचे दिवे, पावसाळ्यात ओल्या डांबरावर पडलेली या सगळ्यांची प्रतिबिंबे, एवढ्या पसाऱ्यात बिनदिव्याच्या सायकलीची काळी आकृती मिसळून जाते. शिवाय खांबांच्या मधल्या पट्ट्यात सावली असते. सायकल एका उजेडातून दुसऱ्या उजेडात जाताना मधल्या क्षणी नाहीशी होते, आणि चौकात वळणारा मोटारवाला नेमका तेव्हाच आरसा पाहून गेलेला असतो.

दिसणे आणि ओळखू येणे

आता दिव्याची बाजू लंगडी करणारा एक पुरावा पाहिला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात जोन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद रस्त्यावर रात्री एक प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रायव्हरांनी गाडी चालवायची आणि समोर सायकलस्वार आहे असे ओळखताक्षणी सांगायचे. सायकलस्वार काळ्या कपड्यांत असताना ड्रायव्हरांनी शंभरपैकी दोन वेळा ओळखले. भडक फ्लुरोसंट जॅकेट घातले तेव्हा १५ वेळा, परावर्तक पट्ट्यांचे जॅकेट घातले तेव्हा ५० वेळा. आणि त्या जॅकेटच्या जोडीला घोट्यांवर व गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या बांधल्या तेव्हा ९० वेळा. हँडलवरच्या दिव्याने, तो स्थिर असो की लुकलुकणारा, ओळखण्यात भर पडली नाही. दिवा लावलेला सायकलस्वार आपण दिसतो अशा खोट्या भरवशावर राहील, असा इशाराही संशोधकांनी दिला.

फ्लुरोसंट जॅकेटचे अपयश समजण्यासारखे आहे. पोपटी किंवा भगवा रंग दिवसा उठून दिसतो तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर. रात्री ते किरण नसतात आणि जॅकेट साध्या कापडासारखे होते. औद्योगिक वसाहतीत अनेक कामगारांच्या अंगावर असे जॅकेट असते. त्यावर राखाडी चमकती पट्टी शिवलेली असेल तरच रात्री त्याचा उपयोग, आणि ती पट्टीही धुऊन धुऊन निस्तेज होते. घोट्याच्या पट्टीचे यश मात्र अधिक विचार करायला लावणारे आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके असले आणि माणूस स्थिर असला तर पाहणाऱ्याला काही कळत नाही. तो चालू लागला की क्षणात माणूस ओळखू येतो. मेंदू माणसाच्या हालचालीची लय फार लवकर पकडतो. सायकलवाल्याचा घोटा वर-खाली गोल फिरतो. अशा लयीत फिरणारी दुसरी वस्तू रस्त्यावर नाही.

मग दिव्याचा आग्रह का? कारण दिवा आणि पट्टी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पट्टी, पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर, मडगार्डवर चिकटवलेले रेडियम ही सगळी उसन्या उजेडावर जगतात. हेडलाइटचा प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवायचा अशी त्यांची रचना असते. म्हणून तो प्रकाश नेमका ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे जातो. पण झोत पडलाच नाही तर काहीच परत येत नाही. आडव्या गल्लीतून येणाऱ्या मोटारीचा झोत सायकलीवर पडतो तो धडकेच्या अगदी आधी. समोरून वळणारी रिक्षा, फाटकातून मागे येणारा टेम्पो, एकच हेडलाइट चालू असलेला ट्रॅक्टर, यांच्यासमोर रिफ्लेक्टर मुका राहतो. पादचारी तर झोत घेऊन फिरतच नाही. तिथे स्वतः पेटलेला दिवाच हवा. काहीतरी आहे हे तो दुरून सांगतो, आणि गाडी जवळ आली की ते काय आहे हे घोट्याची पट्टी सांगते. ब्रिस्बेनच्या प्रयोगातून एवढाच निष्कर्ष निघतो की दिव्याने एकट्याने सगळे भागत नाही. त्याची जोडीदार पट्टी हातभर लांबीची असली तरी पुरते, आणि ट्रकच्या मागे लावतात तीच लाल रेडियमची पट्टी क्रँकवर, चिमट्यावर, मागच्या मडगार्डवर चिकटवता येते. या सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त मिळते ते इथे.

काउंटरवर काय पाहायचे

सायकलींच्या बऱ्या दुकानात दिव्यांची एक काचेची पेटी असते आणि खोक्यांवर मोठ्या अक्षरात ल्युमेन छापलेले असतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो हे या आकड्यातून कळत नाही. जर्मनीच्या नियमांत म्हणून ल्युमेनचा आधार घेतलेला नाही. तिथे पुढच्या दिव्याने दहा मीटरवर ठरावीक जागी किमान १० लक्स उजेड पाडला पाहिजे आणि झोताच्या वरच्या भागात २ लक्सपेक्षा जास्त जाता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे मोटारीच्या डिपरसारखा वरून कापलेला झोत. भारतात विकले जाणारे बहुतेक जास्त ल्युमेनचे दिवे विजेरीसारखे गोल झोत टाकतात. त्यातला मोठा भाग झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरून येणारा दुचाकीवाला त्यामुळे आंधळा झाला तर तो सायकलवाल्याच्याच अंगावर येण्याची शक्यता वाढते. गोल झोताचा दिवा असेल तर तो इतका खाली वाकवावा, की झोताचा मध्य आठ-दहा मीटरवर जमिनीला टेकेल. शहरात दिसण्यापुरता शंभर-दीडशे ल्युमेनचा दिवा पुरतो. खांबच नसलेल्या गावरस्त्यावर खड्डे पाहायचे असतील तर तीनशे-चारशेच्या आसपासचा घ्यावा. त्याहून वरचे आकडे उतारावर वेगाने जाणाऱ्यांसाठी.

मागच्या दिव्यात ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची. दिवे सीटच्या दांड्यावर बसवण्यासाठी बनवलेले असतात, कारण ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कॅरिअर नसलेली सायकल असते. आपल्या सायकलीला कॅरिअर असते आणि कॅरिअरवर दुधाचे कॅन, गवताचा भारा, डब्याची पिशवी किंवा माणूस असतो. दांड्यावरचा दिवा त्याच्यामागे झाकला जातो. म्हणून तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर, ओझ्याच्या खाली आणि बोल्टने पक्का बसला पाहिजे. रबराच्या पट्ट्याने अडकवलेला दिवा खड्ड्याखड्ड्याने खाली झुकतो आणि काही दिवसांत फक्त टायर उजळत राहतो. दिव्याची काच बाजूंनाही उघडी असावी, कारण चौकातली धडक मागून येत नाही.

स्थिर की लुकलुकणारा, हा वाद सायकलवाल्यांत कधी मिटत नाही. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो, हे खरे. पण बंद-चालू होणाऱ्या ठिपक्यावरून तो किती दूर आहे आणि कोणत्या वेगाने जवळ येतो आहे हे ठरवणे अवघड जाते. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये सायकलीला लुकलुकणारा दिवा चालत नाही. ब्रिटनने २००५ मध्ये त्याला परवानगी दिली, तीही मिनिटाला ६० ते २४० या मर्यादेत. आपल्या रस्त्यांवर, जिथे सजावटीचे आणि रिक्षामागचे दिवेही लुकलुकतात, तिथे एकच दिवा घ्यायचा तर स्थिर घ्यावा असे या लेखाचे मत आहे. काही दिव्यांत सतत मंद पेटून मध्येच उसळी घेण्याची सोय असते, ती दोन्ही बाजू सांभाळते. पावसाचे म्हणाल तर खोक्यावर आयपीएक्स-४ लिहिलेला दिवा शिंतोडे सोसतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर आयपीएक्स-६ पाहावा आणि चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण नीट बसते का ते बोटाने तपासावे. दिवे मरतात ते तिथून.

एवढे सगळे पाहून घेतलेला दिवा सायकलीला लावला की दोन अडचणी उभ्या राहतात. तो चार्ज करावा लागतो. एका खोलीत सहा-सात जण राहतात, प्लग एक-दोन, आणि त्यावर आधी मोबाइल लागतो. दुसरी अडचण चोरीची. सहज काढता येणारा दिवा सायकल स्टँडवरून सहज जातो, म्हणून तो काढून खिशात ठेवावा लागतो आणि पाळी सुटल्यावर परत लावावा लागतो. काढलेला दिवा खोलीवर राहतो. दोष माणसाच्या आळशीपणाचा नाही. बारा तास मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाने रोज आठवणीने पार पाडावे असे आणखी एक काम त्याच्यावर टाकणाऱ्या रचनेचा तो दोष आहे.

डायनॅमो गेला त्याची गोष्ट

एके काळी दिवा आपल्या सायकलीचा भाग होता. आधी रॉकेलचे आणि कार्बाइडचे दिवे होते, मग डायनॅमो आला. चाकाला टेकवलेली बाटलीच्या आकाराची ती वस्तू, सहा व्होल्ट, तीन वॉट, त्यातले २.४ वॉट पुढे आणि ०.६ वॉट मागे. शहरांत विनादिव्याची सायकल हा गुन्हा होता आणि हवालदाराने अडवून चाकातली हवा सोडल्याच्या आठवणी जुने पुणेकर अजून सांगतात. हवालदार दिसला की उतरून सायकल हातात धरून चालायचे, ही त्यावरची रूढ पळवाट होती. नियमाची अंमलबजावणी सोडली तशी डायनॅमोची सद्दीही संपली. त्याची कारणे खरी होती. टायरवर घासून तो सायकल जड करायचा, पावसात टायर ओला झाला की घसरायचा, आणि सायकल थांबली की दिवा विझायचा, म्हणजे सिग्नलला उभे असताना, सर्वांत गरज असताना, अंधार. तार तुटायची, फ्रेममधून होणारे अर्थिंग गंजाने बंद पडायचे. त्यानंतर गिअरच्या, जाड टायरच्या सायकलींची लाट आली. त्यांच्यावरून मडगार्ड गेले, कॅरिअर गेले, दिवाही गेला. सायकल हे खेळाचे साधन झाले आणि दिवा तिची अॅक्सेसरी.

या मधल्या काळात डायनॅमोवरचे जवळपास सगळे आक्षेप तंत्राने खोडून काढले आहेत, ही गोष्ट आपल्या बाजारात पोचलीच नाही. जुना बल्ब एका वॉटमागे जेवढा उजेड द्यायचा त्याच्या आठ-दहा पट आजचा एलईडी देतो. त्यामुळे तीन वॉटांत आता पुढचा रस्ता चांगला उजळतो. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठवल्याने सायकल थांबली तरी दिवा काही मिनिटे पेटता राहतो. चाकाच्या मधोमध, हबमध्येच बसवलेला डायनॅमो घासत नाही, पावसाला घाबरत नाही, आणि त्याचे ओढणे पायाला जवळजवळ जाणवत नाही. जर्मनीत २०१३ पर्यंत सायकलीला डायनॅमो सक्तीचाच होता. आता बॅटरीचे दिवेही चालतात, पण रोजच्या वापराच्या सायकली तिथे आजही हब डायनॅमोसकट विकल्या जातात. सायकल विकत घेतली की दिवा आलाच.

या लेखाच्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार डेन्मार्कमधून मिळतो. तिथल्या ओडेन्स शहरात नोव्हेंबर २००४ ते ऑक्टोबर २००५ असा वर्षभर एक प्रयोग झाला. चार हजारांच्या आसपास सायकलस्वार घेतले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या सायकलींना चुंबकावर चालणारे दिवे बसवले. बाकीचे आपल्या नेहमीच्या पद्धतीने चालवत राहिले. चुंबक चाकाच्या तारांना, दिवा चिमट्याजवळ. चाक फिरले की चुंबक दिव्याजवळून जातो आणि दिवा चमकतो. घासणे नाही, बॅटरी नाही आणि बटणही नाही. दिवस असो वा रात्र, सायकल चालली की दिवा चालू. वर्षाअखेरीस या गटात इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरले. अपघातांची नोंद सायकलस्वारांनी स्वतः केली होती आणि दिवा मिळालेल्यांना आपण प्रयोगात आहोत हे ठाऊक होते, म्हणून हा आकडा थोडा हातचा राखून घ्यावा लागतो. तरी दिवे वापरण्याची पक्की सवय असलेल्या डेन्मार्कसारख्या देशातही, केवळ बटण काढून टाकल्याने एवढा फरक पडावा, हे महत्त्वाचे आहे.

यासाठी डेन्मार्कपर्यंत जायचीही गरज नाही. १ एप्रिल २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप पेटतो. तो बंद करायचे बटण काढून टाकले. सुरुवातीला रस्त्यावरचे लोक हाताने खुणा करून ‘दिवा चालू राहिलाय’ असे सांगत. आज कोणाचे लक्षही जात नाही. जे तत्त्व शंभर सीसीच्या मोटारसायकलला लागू केले ते तिच्या शेजारून, तिच्याहून हळू आणि तिच्याहून असुरक्षित चाललेल्या सायकलीला लागू करायला कोणाला सुचले नाही. २०२० मध्ये केंद्राने सायकलींच्या रिफ्लेक्टरांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, ते चांगले झाले. पण सायकल आजही दुकानातून दिव्याशिवाय बाहेर पडते.

हरकती

पहिली हरकत नैतिक आहे आणि ती सर्वांत वजनदार आहे. मारणारा डंपर, आणि दिवा लावायचा सायकलवाल्याने? रस्त्यावर खांब नाहीत, कडेला सायकलसाठी पट्टा नाही, ट्रॉलीला मागे दिवा नाही, ड्रायव्हर सोळा तास गाडीवर आहे, आणि सगळा भार सर्वांत गरिबाच्या खांद्यावर. ही हरकत पूर्णपणे मान्य केली पाहिजे. सायकलीला दिवा नव्हता म्हणून धडक देणाऱ्याची जबाबदारी कमी होते, असा युक्तिवाद कोणी करत असेल तर तो नाकारलाच पाहिजे. मात्र या हरकतीतूनच लेखाचे म्हणणे अधिक पक्के होते. दिवा विकत घेणे, आठवणे, पेटवणे ही व्यक्तीची जबाबदारी राहते तोवर दोष तिच्यावर ढकलता येतो. दिवा सायकलीबरोबर कारखान्यातून आला की ती जबाबदारी बनवणाऱ्याची आणि नियम करणाऱ्याची होते. खांब आणि पट्टे यायला वर्षे लागतील, ती मागणी चालूच राहावी. तोवर पाळी रोज सुटणार आहे.

दुसरी हरकत किमतीची. साध्या काळ्या सायकलीच्या किमतीत दोन-चारशे रुपयांचीही वाढ गिऱ्हाइकाला जाणवते, असे उत्पादक म्हणतात, आणि ते खोटे नाही. हब डायनॅमो आज भारतात महाग आहे, कारण तो आयात होतो आणि थोडा खपतो. पण टायरवर चालणारा साधा डायनॅमो, एलईडीचा पुढचा दिवा आणि कपॅसिटर असलेला मागचा दिवा यांत दुर्मीळ असे काहीच नाही. लुधियानात ज्या संख्येने सायकली बनतात त्या संख्येने हे सुटे भाग बनले तर त्यांची किंमत आजच्या किरकोळ दरावर राहणार नाही. दुचाकींच्या आपोआप पेटणाऱ्या दिव्याच्या वेळीही बॅटरीवर आणि खर्चावर ताण येण्याची चर्चा झाली होती. नियम सर्वांना एकाच दिवशी लागू झाला, त्यामुळे कोणा एका कंपनीची गाडी महाग ठरली नाही.

तिसरी हरकत जड वाटण्याची. डायनॅमोने पाय दुखतात, असे जुने लोक सांगतात. सावकाश सायकल चालवणारा माणूस ७५ ते १०० वॉट ताकद लावतो. टायरवरचा डायनॅमो त्यातली पाच-सात वॉट खाईल. टायरमध्ये हवा कमी असली की याहून जास्त ताकद वाया जाते, आणि आपल्याकडच्या बहुतेक सायकलींच्या टायरमध्ये ती कमीच असते. दिव्याबरोबर एक हातपंपही दिला तर सायकल पूर्वीपेक्षा हलकी चालेल.

सुरुवात कुठून

सगळ्या सायकलींना एकदम नियम लावायला वेळ लागेल. पण राज्य सरकार स्वतः जिथे सायकलींना पैसे देते तिथे ते उद्या अट घालू शकते. मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकलीचे अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये केले गेले. मुलगी सायकल घेते आणि खरेदीची पावती शाळेत देते. ही सायकल फक्त शाळेच्या वेळेत चालत नाही. हिवाळ्यात दहावी-बारावीचे जादा तास संपेपर्यंत दिवस कलतो. आणि घरात एकच सायकल असेल तर पहाटे तीच दूध घालायला जाते, रात्री तीच पाळीवर जाते. त्या पावतीवर सायकलीबरोबर ‘बोल्टने बसवलेला, सायकल चालताच पेटणारा पुढचा आणि मागचा दिवा’ अशी एक ओळ असल्याशिवाय अनुदान देऊ नये आणि त्या ओळीचे पैसे अनुदानात वाढवून द्यावेत. तालुक्याच्या गावातला सायकल दुकानदार मग डायनॅमोचे खोके मागवेल, तार जोडायला शिकेल, बल्ब जाईल तेव्हा बदलून देईल. आज दिवा बिघडला तर तो दुरुस्त करणाराच तालुक्यात सापडत नाही, हे डायनॅमो टाकून दिला जाण्याचे एक मोठे कारण आहे.

कंपन्यांनाही असेच करता येईल. औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखान्यांत हेल्मेट नसलेल्या मोटारसायकलवाल्याला गेटवर अडवतात. सायकलवाल्याला अडवू नये. सायकल स्टँडवर महिन्यातून एकदा मेकॅनिक बसवावा, त्याने डायनॅमो जोडावा, पेडलच्या दांडीवर आणि मागच्या मडगार्डवर रेडियमची पट्टी चिकटवावी, हवा भरावी. सुरक्षा सप्ताहात वाटल्या जाणाऱ्या टोप्या आणि छापील शपथपत्रांचा खर्च यासाठी वळवला तरी बऱ्याच सायकली उजळतील. कंत्राटी कामगार कोणाच्या हजेरीवर आहे हा वाद तिथे मध्ये येऊ देऊ नये. सायकल ज्या गेटमधून बाहेर पडते त्या गेटच्या मालकाने तिच्या दिव्याचा खर्च करावा.